जमशेदभाईचा अंगठा

मंगरूळपीरच्या बस स्टँडकडून दर्ग्याकडे जाताना डाव्या हाताला घड्याळ दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्याला दुकान म्हणावं की भिंतीतलं कपाट, हा प्रश्नच आहे. गिऱ्हाईक आत शिरलं तर मालकाला उठून बाहेर यावं लागतं. मालक म्हणजे जमशेदभाई. वय पासष्टच्या आसपास, दाढी पांढरी, आणि चाळीस वर्षं उजव्या डोळ्यात भिंग धरून धरून तो डोळा कायमचा बारीक झालेला. समोरच्याला उगाच वाटतं, की हा माणूस आपल्यावर संशय घेतोय. खरं तर त्यांनी जन्मात कुणावर संशय घेतला नाही, आणि त्यांच्या बायकोचं, अन्वरीबींचं, म्हणणं असं की हाच त्यांच्यातला सगळ्यात मोठा दोष.

कारागिरी ते कारंजा लाडला मामाच्या हाताखाली शिकले. मामा मारकुटा, पण हात सोन्याचा. त्यानं भाच्याला एक नियम घालून दिला होता. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ वेगळ्या कागदी पुडीत ठेवायचं, पुडीवर मालकाचं नाव लिहायचं, आणि ती मालकाच्या हातात पडेपर्यंत अमानत समजून सांभाळायची. पुढे मोबाईल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली, जमशेदभाईंच्या खणातल्या पुड्या पाच-सहावर आल्या. नियम मात्र तोच राहिला.

धंदा असा बसत चालला तेव्हा त्यांचा अंगठा कामाला आला. शाळेचं स्टॉपवॉच दुरुस्त करायला म्हणून ते एकदा क्रीडा स्पर्धेला गेले आणि वेळ मोजायलाच उभे राहिले. झेंडी पडली की दाबायचं, रेषा ओलांडली की दाबायचं. दिसायला सोपं, पण दहा जणांना दाबायला लावा, दहा वेगळ्या वेळा येतील. जमशेदभाईंचा हात मात्र चिमट्यानं केसाएवढे स्क्रू उचलणारा. लोक म्हणू लागले, अंगठा असावा तर जमशेदभाईचा. मग शंकरपटावरची बंदी उठली आणि त्या अंगठ्याला बरे दिवस आले.

शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. एक जोडी, एक छकडा, त्यावर तो हाकणारा धुरकरी, आणि समोर सरळ पट्टी. जोडी पळते ती घड्याळाशी. नऊ-दहा सेकंदांत खेळ खलास. मोठ्या पटांवर आता किरणांची यंत्रं असतात. पण गावाबाहेरच्या पडीक शेतात दर रविवारी सरावाचे फेरे होतात, तिथं कोण यंत्र आणतो? तिथं जमशेदभाई आपलं जुनं स्टॉपवॉच घेऊन खुर्चीवर बसतात. ते वेळ सांगतात, शेजारी बसलेली त्यांची नात यूसरा ती वहीत लिहिते, आणि बाबूसिंग नावाचा खड्या आवाजाचा माणूस भोंग्यावरून पुकारतो, "नऊ सेकंद पंचेचाळीस!" शेवटचा आकडा सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचा. त्याच्याकडे कोण लक्ष देतं, असं जमशेदभाईंना वाटायचं. माणूस भोळा तो असा.

यूसरा त्यांच्या मुलीची मुलगी. आई-बाप धनजला शेती करतात. पोरगी अकरावी सायन्सला, म्हणून आजोळी राहिलेली. गणितात अशी तरबेज, की भाजीवाल्याचा हिशेब तो तोंड उघडायच्या आत सांगून टाकायची. घरात त्यांच्या उर्दू-हिंदी चालते, पण दुकानावर दिवसभर वऱ्हाडी बोलून जमशेदभाईंची जीभ तिकडेच वळलेली, आणि नाना-नातीची भांडणं तर हमखास वऱ्हाडीतच व्हायची.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी इंद्रभानभाऊ दुकानावर आले. हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, नीटनेटके गृहस्थ. त्यांचं चावीचं घड्याळ दोन आठवड्यांपासून जमशेदभाईंकडे होतं. इंद्रभानभाऊंचे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. मुलगा एसटीत लागला तेव्हा त्यांनी ते घड्याळ त्याच्या हातात बांधलं होतं. "लोकं आता तुह्या भरवशावर निंघतीन," एवढंच म्हणाले होते. इंद्रभानभाऊंनी ते निवृत्तीच्या दिवसापर्यंत उतरवलं नाही.

"झालं काय माह्यं घड्याळ, जमशेदभाई?" इंद्रभानभाऊ म्हणाले. "सोमवारी आमचा संघदीप नोकरीवर रुजू होऊन राह्यला. नातवाच्या हातात बांधतो म्हणलं, जसं माह्या बापानं माह्या हातात बांधलं."

"झालं ना भाऊ, तयारच आहे," म्हणत जमशेदभाईंनी खण उघडला आणि नाव वाचून पुडी उचलली. पुडी नीट घडी घातलेली, वर त्यांचंच अक्षर. पण हातानं सांगितलं, पुडी हलकी आहे. चाळीस वर्षं ज्या हातानं घड्याळं तोलली, तो हात चुकत नाही. आत काहीच नव्हतं.

त्यांनी पुडी परत खणात सरकवली. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "बॅलन्स अजून बसला नाही, भाऊ. आतलं हलतं चाक असते ना, ते. रविवारपर्यंत देतो."

"तुमीच आत्ता म्हणलं तयार हाय म्हणून."

"दुसऱ्याचं समजलो."

इंद्रभानभाऊंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, "बरं बाप्पा, रविवारी," म्हणाले आणि गेले. गिऱ्हाइकाशी जमशेदभाई आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते. मामा जिवंत असता तर कानाखाली आवाज निघाला असता.

त्यांनी दुपारीच दुकान बंद केलं आणि घरी जाऊन अंगणात बसून राहिले. चारला यूसरा कॉलेजातून आली. त्यांनी रिकामी पुडी बाजेवर ठेवली.

"ही पुडी हलकी काहून झाली वं?"

"कोणती पुडी, नाना?"

"जिच्याकडं तू पाहूनच नाही राह्यली, ती."

यूसरानं दप्तर खाली ठेवलं. तिनं खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. "हारली मी, नाना," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

शंकरपटाच्या पट्टीला लागून खेमाची चहाची टपरी होती. खेमा म्हणजे गोड बोलून गळा कापणारा प्राणी. त्यानं कॉलेजच्या पोरापोरींसाठी एक खेळ काढला होता, एकी का बेकी. भोंग्यावरून वेळ पुकारली की शेवटचा आकडा पाहायचा. तीन, पाच, सात, नऊ आले की एकीवाला जिंकला. दोन, चार, सहा, आठ आले की बेकीवाला. शून्य किंवा एक आलं की सगळंच खेमाचं. त्याला तो भट्टीचे आकडे म्हणायचा, भट्टीचा खर्च निघायला नको का म्हणून. पैशाचं नाव नाही. "पैशे लावले तर जुगार व्हते, आपण कायचा जुगार खेळून राह्यलो?" असं तो डोळे मोठे करून सांगायचा. वस्तू लावायची. इअरफोन, कॅल्क्युलेटर, पॉवर बँक, घरात जे हाताला लागेल ते. हरलेली वस्तू टपरीखालच्या पत्र्याच्या पेटीत जायची आणि जिंकणाऱ्याला त्याच पेटीतून तोलामोलाची दुसरी मिळायची.

यूसरा नानांसाठी चहा आणायला टपरीवर जायची. आधी तिनं नुसतं पाहिलं. मग स्वतःच्या वहीतल्या वेळा पाहिल्या. दर रविवारचे वीस फेरे ती रेघांनी मांडत गेली; तीन रविवारांचे पुढे साठ झाले. दुसऱ्याच रविवारी एकी कितीतरी जास्त येत असल्याचं तिच्या लक्षात आलं. तिनं स्वतःचा कंपासबॉक्स लावला आणि जिंकली. मग इअरफोन जिंकले, एक पॉवर बँक जिंकली. मधे दोनदा हरली, पण वही तिच्या बाजूनं होती. पेटीत कुणाचातरी टॅब होता. आईनं दिलेल्या जुन्या फोनवर धडे पाहून पाहून डोळे गेले होते, तो टॅब तिला फार हवा होता. खेमा म्हणाला, त्याच्या तोलाचं काही आण, खरं, जुनं. म्हणून मागच्या शनिवारी तिनं पुडी उघडली. एका दिवसाचा तर प्रश्न, जिंकून परत ठेवू, असं तिला वाटलं होतं. तोवर कुणाला कळू नये म्हणून रिकाम्या पुडीची घडी तशीच घालून ठेवली होती.

"मंग?"

"एकी लावली. अन् आठ आला."

अन्वरीबी चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. जमशेदभाईंना राग आला होता, फार आला होता. पण त्यांचा राग हातात येत नाही, डोक्यात जातो आणि तिथं काहीतरी खुडबुड करत बसतो. त्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढून नातीच्या हातात दिलं.

"घे. एकी का बेकी, आधी सांग. मंग चालू कर, मनात येईन तवा बंद कर. वीस डाव."

यूसरा सांगत गेली, दाबत गेली. वीस डावांत आठ वेळा तिचं बरोबर आलं. आठ वेळा चुकलं. चार वेळा शून्य नाहीतर एक.

"सोताच्या अंगठ्याचा आकडा तुले सांगता येत नाही," जमशेदभाई म्हणाले, "अन् तू माह्या अंगठ्याचा सांगाले निंघाली? अवं, हा आकडा मलेही ठाऊक नसते. पापणी लवली तर बदलते तो."

"पण येत होतं ना, नाना!" यूसरानं रडतरडत वही उघडली. "हे पाहा. साठात छत्तीस येळा एकी. बेकी फक्त बारा. हे कसं?"

सवयीनं जमशेदभाईंनी डोळ्यात भिंग घातलं आणि वहीवर वाकले. पोरीनं दहा घरं आखली होती, शून्यापासून नऊपर्यंत, आणि प्रत्येक घरात आकडा जितक्यांदा आला तितक्या रेघा. पाचाचं आणि नवाचं घर भरून वाहत होतं. सहाच्या आणि आठाच्या घरात एकही रेघ नव्हती.

त्यांनी भिंग काढलं. ते सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले, तेव्हा अन्वरीबींनी विचारलं, "काय झालं?"

मागच्या शनिवारी स्टॉपवॉचमध्ये सेल टाकताना त्यांना दिसलं होतं, की पडद्यावरच्या शेवटच्या आकड्याची एक काडी उमटत नाही. डाव्या हाताची, खालची. ती काडी नसली की आठाचा नऊ दिसतो आणि सहाचा पाच; दोन आणि शून्य नुसते मोडके दिसतात. उन्हात, पासष्टीच्या डोळ्यांना ते कधी कळलं नव्हतं. त्यांनी घड्याळ उघडलं, काचेखालची रबरी पट्टी पुसली, काडी परत उमटली. म्हणजे आपण चुकीच्या वेळा सांगत होतो, हे त्यांना त्याच वेळी समजलं होतं. शंभरातल्या एका हिश्श्यानं काय होतं, असं म्हणून त्यांनी ते स्वतःपुरतं ठेवलं. जमशेदभाईचा अंगठा म्हणून जे नाव होतं, ते कोण आपल्या हातानं घालवणार?

आता त्यांनी ते नातीला सांगितलं. सांगताना तिच्याकडे पाहवलं नाही.

यूसराचं डोकं मात्र नको तिकडे धावलं. तिचे डोळे चमकले. "म्हणजे मी बरोबर होती!"

"होती ना. बरोबर होती, अन् तरी हारली," जमशेदभाई म्हणाले. "तुले वाटलं तुले आकड्याचा कायदा सापडला. अवं, तुले सापडला नानाचा बिघाड. बिघाड कोणीतरी दुरुस्त करतेच, अन् तुह्या तर घरातच दुरुस्तीवाला. तुले इचारून करणार होतो काय मी?"

"दुरुस्त नसतं केलं तर..."

"तरी. दहात सहा येळा तुहं, तर चार येळा नाही. कोणत्या चार येळा, ते लिवलं होतं वहीत?" यूसरानं वही मिटली. "कंपासबॉक्स लावला तवाच थांबता आलं असतं. जितली म्हणून परत गेली. हारली असती तर भरून काढाले गेली असती. अन् शून्य अन् एक कोणाचे?"

"खेमाचे."

"मंग कोणीही हारो, कोणीही जितो, दहातून दोन येळा खेमाची भट्टी पेटलेलीच. त्यानं एक तरी वस्तू सोताची लावली काय आजवर?"

यूसरानं विचार केला. पेटीतली एकूणएक वस्तू पोरांनीच आणलेली होती. हे तिच्या वहीत कुठंच नव्हतं, आणि तिच्यासारख्या गणितातल्या पोरीला याची सगळ्यात जास्त लाज वाटली.

"पोरीनं पुडी लपवली, तुमी बिघाड लपवला," अन्वरीबी म्हणाल्या. "एकाच घरचे शोभता. आता तिले खरं बोल म्हणून शिकवसान, तर आधी सोता बोला."

गुरुवारी जमशेदभाई एकटेच खेमाकडे जाऊन आले. खेमानं त्यांना गूळ घातलेला चहा पाजला आणि म्हणाला, "कायचं घड्याळ, चाचा? आपण गरीब माणूस, चहा इकतो." शुक्रवार आणि शनिवार त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. घड्याळ मिळालं नाही तर इंद्रभानभाऊंना काय सांगायचं, हे जमशेदभाई मनात जुळवून पाहायचे आणि दर वेळी पहिल्या वाक्यालाच अडखळायचे. बापाची आठवण ती. दुसरं घड्याळ देऊन भरून थोडीच निघणार होती!

रविवारी पट्टीवर नेहमीसारखी गर्दी होती. जोड्या सजून उभ्या, धुरकरी तंबाखू मळत बसलेले, कॉलेजची पोरं टपरीभोवती. इंद्रभानभाऊही आले होते, पांढऱ्या शर्टात, रिकाम्या मनगटानं. पहिला फेरा सुटायच्या आधी जमशेदभाई खुर्चीवरून उठले आणि बाबूसिंगच्या हातातून माईक घेतला.  

"भावांनो, मले एक कबूल करायचं हाय. मागच्या रविवारच्या आधी, तीन रविवार, माह्यं घड्याळ खराब होतं. शेवटच्या सहाचा पाच दिसे, आठाचा नऊ. जो जो बेकी खेळला, त्याचे सहा अन् आठ मी एकीत टाकले. मले आठ दिवसांआधीच समजलं, अन् मी बोललो नाही. चुकलो. माफी द्या."

जोडीवाल्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. सरावच तो, आणि क्रम कुणाचाच बदलला नव्हता, हे जमशेदभाईंनी रात्रंदिवस वही तपासून पाहिलं होतं. एक म्हातारा धुरकरी तर म्हणाला, "बैलाले शंभरावा हिस्सा समजते काय, भाई? बसा खाली." पण टपरीपाशी मधमाश्यांचं मोहोळ उठलं. बेकीवर हरलेली पोरं खेमाला घेरून उभी राहिली. आणि पोरांच्या मागून त्यांचे बाप आले, कारण बापांना एकी-बेकी हा प्रकार आजच कळत होता.

पेटी बाहेर ओढली गेली. झाकण उघडलं, आणि मंगरूळपीरच्या निम्म्या घरांत गेल्या महिन्यात ज्या वस्तू सापडत नव्हत्या त्या सगळ्या तिथं निघाल्या.

"अबे, ही तर माही इस्त्री! माह्या लेकानं दुरुस्तीले टाकली म्हणून सांगतलं!"

"हे बीपीचं मशीन माह्या मायचं व्हय. बुढी तीन आठोड्यापासून बीपी न मोजता बसली!"

एका गृहस्थाला स्वतःचा वाचायचा चष्मा मिळाला. तो लावून त्यांनी आधी खेमाकडे आणि मग आपल्या चिरंजीवांकडे असं पाहिलं, की चिरंजीव बैलांच्या आड गेले. टॅब ज्याचा होता त्यानं तो छातीशी धरला. यूसरानंही जिंकलेले इअरफोन आणि पॉवर बँक आणून टपरीच्या बाकावर ठेवले; ज्याचं त्यानं नेलं. लोक हसतही होते आणि शिव्याही घालत होते.

पेटीच्या तळाशी इंद्रभानभाऊंचं घड्याळ होतं. जमशेदभाईंनी हात पुढे केला, आणि तेवढ्यात खेमानं ते मुठीत धरलं.

"हे नाही देणार, चाचा. हे मागच्या रविवारचं. मागच्या रविवारी घड्याळ सुदं होतं, तुमीच आत्ता भोंग्यावर सांगतलं. हे मी इमानदारीत जितलो."

 म्हटलं तर त्याचं बरोबर होतं. ज्या खरेपणानं सगळ्यांच्या वस्तू सुटल्या, त्याच खरेपणात त्यांची स्वतःची अडकली होती. त्यांचा हात तसाच पुढे राहिला.

तेव्हा यूसरा पुढे आली.  समोर तिच्या वर्गातली पोरं होती, ओळखीचे लोक होते, आणि तीन हातांवर इंद्रभानभाऊ.

"ते घड्याळ माहं नव्हतं," ती म्हणाली. मग परत म्हणाली, मोठ्यानं. "नानाच्या दुकानात दुरुस्तीले आलं होतं. मी पुडीतून चोरलं. माहं नव्हतंच, तर मी ते हारली कशी, अन् तू जितला कसा?"

खेमानं मुठीकडे पाहिलं. चोरीचा माल म्हटल्यावर त्याची मूठ आपोआप सैल झाली. बीपी मशीनवाला, इस्त्रीवाला आणि बाबूसिंग एकेक पाऊल पुढे सरकले, त्याचाही थोडा हात होता. त्यानं घड्याळ यूसराच्या तळहातावर ठेवलं आणि उगाचच भट्टीत कोळसा घालू लागला.

यूसरा घड्याळ घेऊन इंद्रभानभाऊंसमोर जाऊन उभी राहिली. मान वर करवत नव्हती. जमशेदभाई मागोमाग आले. "भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोललो..." एवढंच त्यांना जमलं.

इंद्रभानभाऊंनी घड्याळ कानाशी धरलं. बराच वेळ ऐकलं. टिकटिक चालू होती. खेमा इमानेइतबारे रोज चावी देत होता, हे त्याचं त्यातल्या त्यात बरं काम. मग त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं आणि जमशेदभाईंकडे पाहून म्हणाले, "बसला म्हणा की बॅलन्स."

जमशेदभाई आधी हसले आणि मग सगळ्यांसमोर रडले. चार दिवस छातीवर ठेवलेला पाटा-वरवंटा कुणीतरी उचलून नेला, असं त्यांना झालं. इंद्रभानभाऊंनी यूसराच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, सत्तावीस वर्षं गाडी हाकली मी. ब्रेक लागला नाही, असं वाटलं की आधी वरडून सांगाव लागते. तू वरडली ना? झालं तर मंग. सोमवारी सकाळी बस स्टँडवर ये. संघदीपले घड्याळ बांधाचं हाय, तुह्या हातानं चावी दे."

ती गेली आणि चावी देऊन आली. कॉलेजला पहिला तास चुकला, पण त्यावर अन्वरीबींनीही काही म्हटलं नाही.

खेमाची टपरी आजही आहे. आता तो नुसता चहा विकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की भट्टीचा खर्च निघत नाही. पटावर वेळ मोजायला जमशेदभाईच बसतात. आपली चूक भोंग्यावर सांगणारा घड्याळवाला लोकांना जास्तच खात्रीचा वाटू लागला. फेरे सुटायच्या आधी ते चार जणांना पडद्यावरचा आठ दाखवतात, सगळ्या काड्या मोजून.

आणि दुकानात त्यांनी एक दुसरं, जुनं स्टॉपवॉच दोरीला बांधून लटकवलं आहे. वर यूसराच्या अक्षरातली पाटी: आधी आकडा सांगा, मग दाबा. फुकट. जिंकलात तर काही मिळणार नाही. कॉलेज सुटलं की पोरं गर्दी करतात. सुरुवातीला प्रत्येकाला वाटतं की आपल्याला जमतं. एकाला लागोपाठ तीनदा बरोबर आलं तेव्हा त्यानं शर्टाची कॉलर वर केली. पुढच्या बारा डावांत एकही नाही आला, तेव्हा खाली केली. यूसरा सगळ्यांच्या रेघा वहीत मारते. फोनवर पैसे लावून कुठलातरी रंग-आकड्यांचा खेळ खेळणारा एक मुलगा रोज यायचा. आठ दिवस त्यानं मुकाट दाबून पाहिलं, वहीतले हजारभर आकडे पाहिले, दहाही घरं जवळपास सारखी भरलेली पाहिली. "यात तर काहीच नाही," म्हणाला. यूसरा म्हणाली, "हो ना. मलेही हे शिकाले एक घड्याळ चोराव लागलं." पोरं हसली, पण तिनं ते हसवायला सांगितलं नव्हतं.

परवा दुकान बंद करताना जमशेदभाईंनी सहज ते स्टॉपवॉच दोरीतून सोडवून हातात घेतलं, चालू केलं, बंद केलं आणि पडद्यावर तळहात ठेवला.

"सांग वं. एकी का बेकी?"

एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी ती पोरगी खांद्यावर दप्तर अडकवता अडकवता थांबली. नानांच्या मुठीकडे पाहिलं, मग नानांच्या तोंडाकडे.

"मले नाही माहीत, नाना," ती म्हणाली, आणि कुलूप शोधायला लागली.

जमशेदभाईंना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. त्यांनी मूठ उघडलीच नाही. घड्याळ तसंच खणात ठेवलं आणि नातीच्या मागोमाग घराकडे निघाले.